रोज एक गाणे

आपल्या शहरात खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. शहराला २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणतात. जुनी माणसे अजून औरंगाबाद म्हणतात. पाणचक्की तीच आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून तिथे आणलेले आहे. त्या पाण्याच्या जोराने चक्की फिरे. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ निघे.

पाण्याला दम लागत नाही. म्हणून त्याला गाणेही लागत नाही. पण आपल्या आयाबायांनी हाताने दळले. त्यांना दम लागला. त्यांना गाणे लागले. त्या गाण्याची ही गोष्ट आहे.

पैठणच्या वाटेवर एक गाव आहे असे समजा. गावच्या शाळेत रात्री आठ वाजता बायांचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्याही बाईच आहेत. बाराखडी झाली. जोडाक्षरे सुरू झाली. पण बाया कंटाळल्या. पुस्तकात कमळ, बदक, गवत. बाया म्हणाल्या, "बाई, बदक वाचून आम्हाला काय करायचं? आमच्या गावात बदक न्हाई."

बाई हसल्या. म्हणाल्या, "खरं आहे. मग उद्यापासून तुमचंच वाचू. रोज एकीनं आपल्या आवडीचं एक गाणं सांगायचं. ओवी चालेल, पाळणा चालेल, भारूड चालेल, सिनेमाचंसुद्धा चालेल. मी ते फळ्यावर लिहीन. तेच आपण वाचू."

एकीने विचारले, "नुसतं गाणं सांगायचं?"

बाई म्हणाल्या, "न्हाई. तीन गोष्टी सांगायच्या. हे गाणं कोणाच्या तोंडून ऐकलं? कधी म्हणता? आणि ते जिवाला का लागतं?"

पहिल्या दिवशी एक काकू उठल्या. त्यांनी नाथांचे एक भारूड सांगितले. म्हणाल्या, "नाथषष्ठीला पैठणला ऐकलं. माझा बाप सोंग घ्यायचा. लोक हसायचे, आणि हसता हसता गप व्हायचे. ते गप होणं मला आवडायचं."

बाईंनी माहिती दिली. संत एकनाथ पैठणचे. ते १५३३ साली जन्मले आणि १५९९ साली गेले. भारुडात ते जोशी, वासुदेव, गोंधळी अशा साध्या माणसांच्या तोंडून बोलतात. ज्याला पोथी वाचता येत नाही, त्यालाही ते समजते. म्हणूनच चारशे वर्षे ते लोकांच्या तोंडी टिकले.

दुसऱ्या दिवशी एका ताईने बाबासाहेबांवरचे गाणे म्हटले. ती म्हणाली, "चौदा एप्रिलला आम्ही म्हणतो. माझा मामा बाबासाहेबांच्या कॉलेजात शिकला. माझी आय शेण गोळा करायची आणि हे गाणं म्हणायची. म्हणताना तिची मान ताठ व्हायची. मला ती ताठ मान आठवते."

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. त्या दिवशी बाईंनी वामनदादा कर्डकांची गोष्ट सांगितली. वामनदादा नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२ चा. तरुणपणी ते मुंबईत मजुरी करीत. एकदा एका माणसाने त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले. वामनदादांना वाचता येत नव्हते. त्यांना फार लाज वाटली. मग ते अक्षरे शिकले, असे सांगतात. पुढे त्याच हातांनी त्यांनी हजारो गाणी लिहिली. ती गावोगाव म्हटली गेली. २००४ साली ते गेले. गाणी गेली नाहीत.

हे ऐकून वर्गात एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी मोठेपणी शिकलं तरी चालतं म्हणा की!"

तिसऱ्या दिवशी आपांची पाळी होती. आपा शेवटच्या गल्लीत राहतात. त्या म्हणाल्या, "माझी नानी चक्की पिसताना म्हणायची ते सांगू का? ते मराठी नाही. आपल्या दख्खनी बोलीत आहे."

बाई म्हणाल्या, "सांगा की. ती बोलीसुद्धा आपल्याच मातीतली आहे."

आपांनी चार ओळी म्हटल्या. अल्लाचे नाव होते, चक्कीचे नाव होते. बाया म्हणाल्या, "अगं, ही तर आपलीच ओवी!" त्यात चूक नाही. सतराव्या शतकात विजापूरकडच्या सूफी फकिरांनी दख्खनीत 'चक्कीनामा' नावाची गाणी रचली. बायांनी ती दळताना म्हणावी, हा हेतू होता. मोठी शिकवण त्यांनी जात्याच्या फेऱ्यावर बसवली. हिंदू बाईच्या घरी जाते आणि मुसलमान बाईच्या घरी चक्की. दगड एकच. पहाट एकच. दमणारा हातही तसाच.

चौथ्या दिवशी पंचाईत झाली.

त्या दिवशी सूनबाईंची पाळी होती. वर्गात त्यांची सासूही होती. सासूबाईंना सगळे आजी म्हणतात. सूनबाईंनी माहेरचे गाणे सांगितले. गाण्यात सासुरवाशीण आहे, भाऊ न्यायला येत नाही, आणि सासू पाठवत नाही. बाईंनी विचारले, "हे जिवाला का लागतं?" सूनबाई खाली बघत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. मी माहेरी गेले न्हाई. आई आजारी हाय."

वर्गात कोणी बोलेना. आजी उठल्या. चप्पल पायात घातली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या नाहीत. सूनबाई आल्या, पण घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, माझं गाणं पुसून टाका." बाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "तुझं आहे. तू म्हणशील तर पुसते. पण तू खोटं काही सांगितलं न्हाईस." सूनबाईंनी फळ्याकडे पाहिले. त्यांनी गाणे पुसू दिले नाही.

तिसऱ्या दिवशी आजी आल्या. दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, सुनेच्या गाण्यात सासू वाईट. मपल्या गाण्यात बी सासू वाईटच होती. आता मीच सासू झाले. काल रातभर त्येच मनात फिरत होतं."

बाई म्हणाल्या, "आजी, बसा. आज तुमचं गाणं सांगा."

"मला कुठं गाणं येतं? जात्यावरच्या ओव्या येत्यात. त्या काय गाणं व्हय? त्या काय पुस्तकात लिव्हायच्या असत्यात?"

या प्रश्नाला बाईंनी जे उत्तर दिले, ते आपण सर्वांनी नीट वाचावे.

बाई म्हणाल्या, "आजी, ओवी फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने सुमारे ११२९ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव मानसोल्लास. महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात, असे त्याने त्यात लिहून ठेवले. पुढे १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. तीही ओवीत आहे. ओवी बायांच्या तोंडी आधीपासून होती. मोठ्या ग्रंथांनी ती नंतर घेतली. मग तुमची ओवी लहान कशी?

"संत जनाबाई आपल्या मराठवाड्याची. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. नामदेवांच्या घरी तिने कामे केली. विठ्ठल तिला दळू लागला, असे लोक सांगतात. देव दळायला आला तो जात्यापाशी. जिथे बाई एकटी राबते, तिथे आला.

"आणि बहिणाबाई चौधरी? आपल्या अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश लागतो. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली तिचा जन्म झाला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि घरात दळताना तिला गाणी सुचत. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. घरच्यांनी तिची काही गाणी कागदावर उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेली. १९५२ साली पुस्तक निघाले. आचार्य अत्र्यांनी ते डोक्यावर घेतले. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. अक्षर न येणाऱ्या बाईचे नाव विद्यापीठाला! पण नीट ऐका. जेवढे लिहिले गेले तेवढेच उरले. जे कोणी लिहिले नाही, ते तिच्याबरोबर गेले."

आजी ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "मग आमच्यासारख्या बायांचं कोणीच लिव्हलं न्हाई?"

"लिहिले, आजी. साने गुरुजींनी बायांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' नावाचे पुस्तक केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकगीते जमवली, आणि आपल्यासारख्या नव्याने वाचणाऱ्या लोकांसाठी सोपी पुस्तकेही काढली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून काम सुरू केले. त्यांच्या माणसांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तीन हजारांहून जास्त बायांनी त्या सांगितल्या. मोठ्या संगीतजाणकाराने, बर्नार्ड बेल यांनी, आवाज टिपायला मदत केली. २०१७ पासून त्या ओव्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात लोकांसाठी खुल्या होत गेल्या. प्रत्येक ओवीपाशी सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव असते. लाखाच्या लाख ओव्या बायांच्या पोटात होत्या. तुमच्याही पोटात आहेत."

आजींनी गळा साफ केला. एक ओवी म्हटली. दुसरी अर्धी म्हटली आणि थांबल्या. पुढचे आठवेना. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "जातं न्हाई ना म्होरं. हात फिरला तर तोंड फिरंल."

तेव्हा बाया म्हणाल्या, "मग जातं मांडू."

आजींचे जाते त्यांच्या ओसरीच्या कोपऱ्यात पडलेले होते. गावात विजेची गिरणी आली आणि जाते बसले. लग्नाच्या वेळी हळद दळायला तेवढे पुढे येई. सूनबाईंनी ते धुतले. खुंटा ढिला झाला होता, तो ठोकून बसवला. दुसऱ्या रात्री वर्ग आजींच्या ओसरीवर भरला. एका बाजूला आजी बसल्या. समोर सूनबाई बसल्या. दोघींनी खुंटा धरला. आजींनी मूठभर ज्वारी जात्यात वैरली.

दगड फिरला. आवाज आला. आणि आजींच्या तोंडून ओवी आली. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. पहिल्या ओव्या देवांच्या होत्या. मग माहेराच्या, मग भावाच्या. मग सासूच्या आल्या. सूनबाई समोर बसून ऐकत होत्या. त्यांचा हात आजींच्या हातावरून खुंट्याभोवती फिरत होता. बाईंना लिहायला वेळ पुरेना. एका पोरीने मोबाईलवर आवाज टिपून घेतला. त्या रात्री सत्तावीस ओव्या झाल्या.

शेवटच्या चार ओव्या आजींनी हळू आवाजात म्हटल्या. त्या एका लहान मुलीच्या होत्या. मग जाते थांबले.

बाईंनी विचारले, "आजी, ही कोण?"

"मपली धाकली लेक. गोवरानं गेली. चार वर्षांची व्हती. घरात रडायची सोय नव्हती. सासऱ्याम्होरं डोळ्यात पाणी चालत नव्हतं. पहाटं जात्यापाशी बसायचं. गाण्यात रडलं तर कुणाला कळत नव्हतं. जात्याच्या आवाजात मिसळून जायचं. म्हून ह्या ओव्या मला लागत्यात. दुसरं काय सांगू?"

बाया गप्प बसल्या. आपांनी पदराने डोळे पुसले.

बाईंनी वही पुढे केली. "आजी, तुमच्या चार ओव्या लिहिल्या आहेत. बघा."

आजी म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतं? पण तिचं नाव कुठं हाय, तेवढं दावा."

नाव दोन अक्षरांचे होते. बाईंनी बोट ठेवून दाखवले. आजींनी आपले बोट तिथे ठेवले. बराच वेळ ठेवले. मग खालच्या ओळीत तेच नाव स्वतः शोधून काढले. बदक पाहून जी आजी पाटी बाजूला ठेवत होती, तिने त्या आठवड्यात ती दोन अक्षरे गिरवली. मग स्वतःचे नाव गिरवले. नंतर सुनेचे.

सुगी झाली. ज्वारी घरात आली. सूनबाई चार दिवस माहेरी जाऊन आल्या. आजींनीच एसटीत बसवून दिले. परत आल्या तेव्हा त्यांच्याकडे आईने सांगितलेली एक नवी ओवी होती. त्यांनी ती स्वतःच वहीत लिहिली होती.

आता आपण विचार करू. गाणे जिवाला का लागते?

एक कारण असे. आपल्या मनात असते, पण बोलता येत नाही. गाण्यात ते दुसऱ्याच्या तोंडून येते. मग आपल्याला बोलण्याची सोय होते. सूनबाई सरळ म्हणाल्या असत्या, "मला माहेरी पाठवा," तर भांडण झाले असते. गाण्यातून बोलल्या, म्हणून आजी रात्रभर विचार करत राहिल्या.

दुसरे कारण कामाचे आहे. जात्याचा फेरा, पाळण्याचा झोका, मोटेचा हेलकावा, यांना एक चाल असते. गाण्यालाही चाल असते. चाल जुळली की काम हलके होते. म्हणूनच हात थांबला तर ओवी आठवत नाही.

तिसरे कारण माणसाचे. गाण्याबरोबर ते म्हणणारे माणूस आठवते. काकूंना बाप आठवला. ताईला आईची ताठ मान आठवली. आपांना नानी आठवली.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आवडते गाणे सगळेच चांगले सांगते असे नाही. काही गाण्यांत मुलगी म्हणजे भार असे असते. काहींत बाईने सोसतच राहावे असे असते. अशी गाणी लपवू नका. तीही सांगा, लिहा, आणि खाली लिहा: "हे मला पटत नाही, कारण..." गाणे जपायचे म्हणजे त्यातली प्रत्येक गोष्ट मानायची असे नाही.

आपल्या वर्गात हे कसे करावे?

१. रोज एकाच माणसाची पाळी लावा. बायांची लावा, पुरुषांचीही लावा. मोट हाकणाऱ्याची, ऊस तोडणाऱ्याची गाणीही असतात.

२. ज्याची पाळी असेल त्याला मधे थांबवू नका. चाल चुकली तरी हसू नका.

३. जसे बोलले तसे लिहा. "न्हाई" म्हटले असेल तर "नाही" करू नका. बोली सुधारू नका.

४. खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहा. आधी विचारा, "नाव लिहू का?" नको म्हटले तर लिहू नका.

५. आवाज टिपायचा असेल, कोणाला पाठवायचा असेल, तरी आधी विचारा. घरची गोष्ट गावभर होता कामा नये.

६. म्हाताऱ्या माणसांची पाळी आधी लावा. त्यांच्यापाशी वेळ थोडा असतो.

गिरणी आली हे चांगले झाले. रोज पहाटे उठून दळणे सुखाचे नव्हते. आजींच्या हाताला घट्टे आहेत, ते पुन्हा सुनेच्या हाताला नकोत. जाते बंद झाले म्हणून रडू नये. पण जात्याबरोबर आयांची बोलणी जाऊ देऊ नयेत. दळण गिरणीत जाऊ द्या. ओवी वहीत येऊ द्या.

आज घरी जा. आईला, आजीला, सासूला, शेजारणीला विचारा, "तुमच्या आवडीचं गाणं कोणतं?" आणि लगेच दुसरे विचारा, "ते का आवडतं?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.

नवे शब्द

वैरणे: जात्याच्या तोंडात दाणे घालणे.
खुंटा: जाते फिरवण्यासाठी धरायची दांडी.
ओसरी: घराच्या दर्शनी बाजूची छपराखालची जागा.
सुगी: पीक काढण्याचे दिवस.
सासुरवाशीण: सासरी राहणारी लग्न झालेली मुलगी.

प्रश्न

१. आजी वर्गातून उठून का गेल्या? परत का आल्या?
२. जाते नव्हते तेव्हा आजींना ओवी का आठवेना?
३. बहिणाबाईंची काही गाणी आपल्यापर्यंत आली. ती कशामुळे आली?
४. सूनबाईंनी आपले गाणे पुसू दिले नाही. तुम्ही असता तर काय केले असते?
५. तुमच्या आवडीचे गाणे कोणते? ते कोणाकडून ऐकले? ते जिवाला का लागते? चार ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा, ती लिहील. मग त्यातली तुमच्या नावाची अक्षरे शोधा.